मागच्या सीटवर बांधलेले स्वयंपाकघर

ज्याच्या कृपेने पाऊल उंबऱ्याबाहेर पडते आणि ज्याच्याच कृपेने ते सुखरूप परत येते, त्या सर्वांतर्यामी नारायणाला आधी नमस्कार करतो. माझ्या हातून जे चुकले ते मला दिसावे, एवढी दृष्टी त्याने दिली. ती दृष्टी उशिरा मिळाली, याचा दोष त्याचा नाही.

आता विषय. एकोणसत्तराव्या वर्षी शंभर सीसीच्या जुन्या गाडीवर तंबूपासून तांदळापर्यंत सगळे कसे मावते, असे अनेक वाचक विचारतात. या वेळी ते सविस्तर सांगतो. मात्र या बांधाबांधीनेच माझा एक प्रवास कसा वाया गेला, तेही सांगावे लागेल.

प्रथम एक खुलासा. मला तंबूची हौस साहसापोटी लागलेली नाही. वडील गेल्यानंतर मी नियम धरला की घरच्या चुलीवर शिजलेलेच खायचे. नांदेडच्या शाळेत संस्कृत शिकवले तेव्हा सर्व वर्षे डबा घरचा. निवृत्तीनंतर फिरावेसे वाटले, तर लॉज चालेना, हॉटेल चालेना, नातेवाइकांकडे उतरणेही अवघड. स्टोव्ह, शिधा आणि तंबू गाडीवर बांधला की कुणाच्या दारी जाण्याची गरजच उरत नाही, हा शोध मला लागला आणि मी त्यावर खूश होतो.

यंदा पौषाच्या आरंभी शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या एका गावी निघालो. तिथे माझी थोरली बहीण, अक्का, राहते. वय अठ्ठ्याहत्तर. तिच्या मुलाने, सुधीरने, अकरा वर्षांपूर्वी दुसऱ्या जातीतल्या मुलीशी लग्न केले. त्या लग्नात अक्षता टाकून मी पंगतीला न बसता निघून आलो आणि त्यानंतर अक्काच्या घरी गेलो नाही. ती दोनदा नांदेडला येऊन गेली. त्या विषयावर ती बोलली नाही, मीही बोललो नाही. यंदा मात्र तिचा फोन आला, "बाळू, एकदा येऊन जा रे. माझ्या हातचं जेवून जा." मी नियम बाजूला ठेवून तिच्या घरी जेवायचे ठरवले. हा एकच या प्रवासाचा हेतू होता.

आदल्या संध्याकाळी अंगणात सामान मांडले. जड वस्तू खाली आणि पुढे, हलक्या वर आणि मागे, हा पहिला नियम. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना पिशव्या अडकवण्यासाठी एका वेल्डरकडून बाराशे रुपयांत लोखंडी चौकट करून घेतली आहे. डाव्या पिशवीत स्टोव्ह, पातेले, तवा; उजवीत पाण्याचा पाच लिटरचा कॅन आणि शिधा. दोन्हीकडचे वजन सारखे हवे, नाहीतर वळणावर गाडी एका अंगाला ओढते. मागच्या सीटवर आडवा तंबू, त्यावर सतरंजी आणि रग, आणि सगळ्यावरून हुकाचे रबरी पट्टे, फुलीच्या आकारात. पोथी रेशमी वस्त्रात गुंडाळून पेट्रोलच्या टाकीवरच्या पिशवीत, म्हणजे पायाच्या वर राहते आणि नजरेसमोरही.

सौभाग्यवती हे पाहत पायरीवर बसली होती. म्हणाली, "या वेळी तरी स्टोव्ह ठेवून जा."

"दुसरा मुक्काम साकोळच्या तलावावर करायचा आहे. तिथे लागेल."

"तलावावर एक दिवस केळी खाऊन राहिलात तर काय होईल?"

 मी रबरी पट्टा आणखी ओढून हुक अडकवला.

सकाळी सातला निघालो. लोहा, अहमदपूर, चाकूर आणि तिथून नळेगावच्या बाजूला वळून पुढे, असा साधारण एकशे चाळीस किलोमीटरचा रस्ता. महामार्ग उत्तम आहे, मात्र लादलेल्या गाडीने पन्नासच्या वर जाऊ नये. ट्रक ओलांडून गेला की वाऱ्याने मागचा तंबू डोलतो. जाऊन येऊन सहाशे रुपयांचे पेट्रोल धरावे. दोन्ही बाजूंना ज्वारी कणसात आलेली, तूर काढायला लागलेली. वाटेतल्या माळेगावची यात्रा आटोपून गेली होती. खंडोबाचे दर्शन दोन मिनिटांत झाले, कपाळाला भंडारा लागला, आणि बाहेर एका हॉटेलच्या बाकावर मी माझा थर्मास उघडला.

हॉटेलवाला कढईत भजी सोडत होता. गाडीकडे पाहून म्हणाला, "आजोबा, बिऱ्हाड हलवलंत का काय?"

"दोन दिवसांचा प्रवास आहे."

"दोन दिसाला एवढं? आन् चहाबी घरचाच?"

"माझा नियम आहे."

"आसू द्या, आसू द्या. बाकड्याला भाडं न्हाई." मग तो आतल्या माणसाला ओरडून म्हणाला, "पाव्हण्याला पाणी इचार रं. न्हाई, ऱ्हाऊ दे, त्ये बी आणलं आसंल."

बाकावरचे सगळे हसले. मीही हसलो. ते पाणी मागून प्यायला हवे होते, असे आज वाटते.

दुपारी एकला गावात पोहोचलो. अक्का ओसरीवर वाटच पाहत होती. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, त्यामुळे गाडी थांबल्याचा आवाज ऐकून ती खाली उतरली. मी नमस्कार केला. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि तोच हात पुढे जाऊन सामानावर टेकला.

"हे काय रे बाळू?"

"तंबू आहे, अक्का."

"आन् ही पिशवी?"

"स्टोव्ह."

"ह्याच्यात?"

"कणीक, तांदूळ, डाळ."

कॅनवर तिने बोटाने टकटक केले. "पाणी बी आणलास."

मी म्हणालो, "हो."

तेव्हा दारात रेणुका उभी होती, सुधीरची बायको. गावातल्याच शाळेत शिकवते. तिने डोक्यावर पदर घेऊन लांबूनच नमस्कार केला. अक्का नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बरं केलास. माझ्या जिवाला घोर होता, आता तुला काय वाढू न् कसं वाढू. शेतात लिंबाखाली सपाट जागा हाय, तिथं लाव तुझा तंबू."

हे सर्व दुसऱ्या मुक्कामासाठी आहे, मी तुझ्याकडेच जेवायला आलो आहे, एवढे एक वाक्य बोलायचे होते. सबंध रस्ताभर ते मी मनात घोळवले होते. पण रेणुका दारात होती, त्या घरात चूल तिची असणार हे माझ्या मनात आले, आणि खरे सांगायचे तर अक्काच्या त्या बोलण्याने मला सुटल्यासारखे वाटले. ती सुटका मी स्वीकारली. या प्रवासात मी दुसरे काही पाप केले नाही. हे एकच पुरेसे आहे.

अक्का आत गेली. आतून ताट उचलल्याचा आवाज आला.

तंबूविषयी वाचकांसाठी: काळ्या रानात हिवाळ्यात भेगा पडतात, तिथे वीतभर खुंट्या धरत नाहीत. हातभर लांबीच्या आणाव्यात, किंवा बांधाजवळ मुरमाची जागा पाहावी. मी चार खुंट्यांवर दगड ठेवून काम भागवले. संध्याकाळी स्टोव्हवर खिचडी केली. बेताची झाली. दिवस मावळताना अर्धा किलोमीटरवरच्या त्या घरातून धूर वर गेला, आणि मी नीट बांधलेल्या माझ्या तंबूपुढे एकटा जेवलो.

पहाटे जागा झालो तेव्हा मनाशी निश्चय झालेला होता. उठून सरळ अक्काकडे जायचे आणि भाकरी मागायची. पण स्नान राहिले होते, संध्या राहिली होती, पोथीचा नित्यपाठ राहिला होता. ते उरकून जाऊ म्हटले. जपाला बसलो असताना बांधाच्या रस्त्यावर एक जीप थांबल्याचा आवाज आला. हॉर्न एकदा वाजला. माळ अर्ध्यावर होती, मी डोळे उघडले नाहीत. थोड्या वेळाने जीप गेली.

उन्हे वर आल्यावर घरी गेलो. ओसरीवर रेणुका एकटीच होती.

"मामा, आई लातूरला गेल्या. आज डोळ्याचं ऑपरेशन आहे. हे पहाटेच जीप घेऊन आले होते."

"मला काल बोलली नाही ती."

"तुम्ही येणं पुढं ढकलाल म्हणून सांगू दिलं नाही कुणाला. जाताना शेताजवळ गाडी थांबवली होती यांनी. तुम्ही जपाला बसलेले दिसलात. आई म्हणाल्या, उठवू नको त्याला."

मी ओसरीच्या कडेला बसलो. तिने शांतपणे, पाढे म्हणावेत तसे, सगळे सांगून टाकले.

"वर्षभर झालं, आई चुलीपाशी येत नाहीत. दिसत नाही, हात भाजतो. काल मात्र पहाटे उठल्या, थंड पाण्यानं अंघोळ केली, ओल्या लुगड्यानं स्वयंपाक केला. मामांचं सोवळं आहे म्हणाल्या. मला आत येऊ दिलं नाही, मामा. माझ्याच स्वयंपाकघरात. मी उंबऱ्यात उभी राहून मीठ कुठं, तिखट कुठं, एवढं सांगायची. मनाला लागलं माझ्या. पण म्हटलं, अकरा वर्षांनी भाऊ येतोय त्यांचा, एक दिवस सोसू."

 ज्या नियमासाठी मी अक्काचे ताट नाकारले, तो नियम तिने कुडकुडत, अर्ध्या आंधळ्या डोळ्यांनी माझ्यासाठी पाळला होता. आणि त्यापायी या लेकीला तिच्याच घरात परके केले होते. अतिथीधर्म मी आयुष्यभर वर्गात शिकवला. यजमानाने काय द्यावे ते मुलांकडून पाठ करून घेतले. पाहुण्याने घ्यावे कसे, हे स्वतःला कधी विचारले नाही.

"कालचं काही उरलं आहे का?" मी विचारले.

"भाकरी आहे एक. शिळी. मी ताजी टाकते ना."

"तीच वाढ. आणि आत वाढ, इथे बाहेर नको."

आत गेलो. भिंतीपाशी पाट होता आणि पाटापुढे रांगोळीची वाटोळी रेघ तशीच होती, आत ताट नसलेली. एका बाजूला रेघ हुकून लांब गेली होती. अक्काला दिसले नसेल.

"पुसली नाहीस?"

"मन झालं नाही."

रेणुकाने त्याच रांगोळीत ताट ठेवले. शिळी भाकरी, तुरीच्या दाण्यांची गार आमटी, आणि तिने त्या सकाळी स्वतः केलेला मिरचीचा ठेचा. मी तिन्ही खाल्ले. ती उभ्याने पाहत होती. शेवटी म्हणाली, "मामा, ठेचा तिखट झाला का? डोळ्यांत पाणी आलंय."

"लई झालाय," मी म्हणालो. माझ्या तोंडून तसा शब्द ऐकून ती पहिल्यांदा हसली.

तलावाचा मुक्काम रद्द करून लातूरला गेलो. दवाखान्यात दुपारी साडेतीनला आत सोडले. अक्काच्या एका डोळ्यावर पट्टी होती. सुधीर चहा आणायला गेला, आणि मी तिचा हात धरून सांगितले, "अक्का, जेवलो. तुझी भाकरी खाल्ली. रेणुकाच्या हातून."

"कालची?"

"हो."

तिने पट्टी नसलेला डोळा माझ्याकडे वळवला. मग म्हणाली, "शिळी खाल्लास व्हय. ताजी वाढली होती ना रे मी."

"पुन्हा येईन. त्या वेळी ताजी वाढ."

"आता कुठली? डाक्टर म्हणलाय, इस्तवापाशी जायचं न्हाई. धूर नको, आच नको. सुधीर न् रेणुका तर आता मला चुलीपाशी फिरकू बी द्यायचे न्हाईत." तिने माझा हात चाचपला. "तू ये मात्र. ती बी चांगली करती. माझ्यापरीस पातळ होती तिची भाकरी."

लातूरहून अंधार पडायच्या आत चाकूर ओलांडले आणि घरी पोहोचलो. सौभाग्यवतीने पट्टे सोडताना उजवी पिशवी हाताने तोलून पाहिली. कॅनमध्ये अजून दोन लिटर पाणी होते. तिने ते सकाळी तुळशीला घातले.

हे लिहिताना दीड महिना उलटला आहे. स्टोव्ह माळ्यावर ठेवला. मध्ये एकदा अक्काकडे जाऊन आलो. मागच्या सीटवर सौभाग्यवती होती आणि सामान म्हणून एक पिशवी. रेणुकाने भाकरी केली. खरेच पातळ होती, सुंदर होती. अक्का शेजारी बसून वाढ, वाढ म्हणत होती. मी पोटभर जेवलो, आणि रांगोळीची ती हुकलेली रेघ आठवत राहिलो. त्या दिवशी त्या ताटात जे गरम होते, ते आता कुठल्याच चुलीवर होणार नाही.

तुम्ही सामान बांधाल तेव्हा वजन खाली ठेवा, दोन्ही बाजू समान ठेवा, लांब खुंट्या घ्या. आणि ज्या गावी आपले माणूस आहे, त्या गावापुरता शिधा घेऊ नका. तेवढी भूक राखून ठेवा.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाला वाटेत पाणी विचारणारे भेटो. तुमची वाट पाहणाऱ्या हातांचे अन्न तुम्हाला गरम असतानाच मिळो, आणि ते घ्यायची बुद्धी नारायण तुम्हाला माझ्याआधी देवो.