अंगठा नाय, सही

मी दुसरीपर्यंत शिकलो, पण जन्मात कुठं अंगठा उठवला नाय. सहीच केली. आता धसईच्या रेशन दुकानातलं मशीन अंगठाच मागतं, आणि भाताची लावणी करून झिजलेला माझा अंगठा त्याला दिसत नाय.

ही नवी यंत्रं माणसांचं काय करतात, ते लिहायला एक पत्रकार बाई आली होती. बाकीचे पत्रकार उभ्याउभ्या फोटो काढून जातात. ही चपला काढून आमच्या रांगेत बसली, पेन केसांत खोचून नुसती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "बाबा, अंगठ्याचा फोटो काढू?"

"नाय गो. लोक म्हणतील, म्हातारा अंगठेबहाद्दर."

दुकानदार हसला. "बाबा, तुमाला तांदूळ पायजे का मान?"

"दोनी."

ती हसली नाय. केसांतलं पेन तिनं माझ्या हातात दिलं, आपल्या वहीचं कोरं पान उघडलं. "मग सही करा. मशीनला तुम्ही ओळखू आला नाहीत, तर चूक मशीनची. तसंच छापते."

तिनं छापलं. एवढा मोठा लेख, आणि माथ्यावर माझी वाकडी सही.

पुढच्या महिन्यात मशीन पुन्हा अडलं. दुकानदारानं रेशनच्या नोंदीची वही पुढं केली. "बाबा, सही मारा."

मी खिशातलं पेन काढलं. तिचंच ते. परत मागितलंच नाय तिनं.