घेणारीला कोण विचारतं?

जूनमधला तिसरा गुरुवार, सकाळचे अकरा. जागा: आमच्या हॉस्पिटलची समुपदेशनाची खोली. हजर: रश्मी, वय एकोणतीस, जिला गर्भाशय बसवायचं होतं. तिची आई कुसुमताई, वय अठ्ठेचाळीस, ज्या स्वतःचं गर्भाशय देणार होत्या. रश्मीचा नवरा अमोल, मांडीवर लॅपटॉप, कानात इअरफोन. रश्मीच्या सासूबाई. आणि मी, ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर. सर, म्हणजे आमचे मुख्य सर्जन, थिएटरमध्ये होते.

"मॅडम, पान चारवर बग आहे," रश्मी म्हणाली.

ती हिंजवडीत एका कंपनीत टेस्टर होती. दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या, हेच तिचं काम. पान चारवरचं वाक्य तिने वाचून दाखवलं. "गर्भाशय न मिळाल्यास रुग्णाला आठवड्यातून तीनदा डायलिसिस घ्यावं लागेल."

अमोल हसला. तो हसल्यावर कळलं की कानात इअरफोन असूनही त्याला सगळं ऐकू येत होतं.

चूक माझी होती. आमच्याकडे वर्षानुवर्षं किडनीचे ट्रान्सप्लांट होत होते. त्याचे फॉर्म मी स्वतः तयार केलेले, अवयवदानाला मंजुरी देणाऱ्या समितीने वाखाणलेले. गर्भाशयाचा कार्यक्रम सुरू करायचं ठरलं तेव्हा सर म्हणाले, "शैलजा, सोमवारपर्यंत कागद तयार हवेत." मी किडनीचा फॉर्म उघडला, जिथे 'मूत्रपिंड' होतं तिथे एका फटक्यात 'गर्भाशय' घातलं आणि प्रिंट काढली. डायलिसिस तसंच राहिलं.

"दुरुस्त करते," मी म्हटलं.

"आणि माझा व्हिडिओ कधी आहे?"

"तुमचा नसतो. फक्त देणाऱ्याचा असतो."

हे जरा सांगायला हवं. जिवंत माणूस अवयव देतो तेव्हा त्याची एकट्याची मुलाखत होते आणि तिचं चित्रीकरण होतं. घरच्यांना बाहेर बसवून विचारतात: स्वखुशीने देताय ना? कोणाचा दबाव? पैशाचा व्यवहार? कुसुमताईंची मुलाखत आदल्या आठवड्यात झाली होती. त्या मूळच्या यवतमाळच्या, वाघोलीला मुलाकडे राहायच्या. कॅमेऱ्यात बघून म्हणाल्या होत्या, "मी देतो न मॅडम. पडून हाय ते, पोरीच्या कामी येऊ द्या. अशी जल्माले मीच घातली तिले."

रश्मीला जन्मापासून गर्भाशय नव्हतं. बाकी सगळं होतं, बीजांडकोशसुद्धा.

"पण माझी मुलाखत का नाही?" रश्मीने विचारलं.

"किडनी नको म्हणणारा पेशंट सहसा येत नाही," मी सांगितलं.

"बरोबर. पण ही किडनी नाहीये."

"झालं हिचं सुरू," सासूबाई म्हणाल्या. "ऑफिसातसुद्धा हेच करते. चांगल्या गोष्टीत खोट काढायची."

कुसुमताईंनी मुलीच्या मांडीवर हात ठेवला.

मी उठले. म्हटलं, पान चारची दुरुस्ती आहे, पेशंटची सही लागेल, रश्मी, तुम्ही एकट्याच माझ्या केबिनमध्ये या. सही लागत नव्हती.

केबिनचं दार लावलं आणि कॅमेऱ्याशिवाय तोच प्रश्न विचारला. स्वखुशीने घेताय ना?

"नाही," ती म्हणाली. इतक्या पटकन, की माझं पेन अजून टोपणातच होतं.

मग तिने सांगितलं. लग्नाआधीच अमोलला सगळं माहीत होतं. दत्तक घ्यायचं दोघांचं ठरलेलं. कागदपत्रं जमवायला सुरुवातही केली होती. तेवढ्यात सासूबाईंनी टीव्हीवर या ऑपरेशनची बातमी पाहिली. त्याच आठवड्यात कुसुमताई म्हणाल्या, माझं घ्या.

"आई देते म्हणाली, तिथेच मी अडकले. आता नको म्हणायचं म्हणजे आईला नको म्हणायचं. आणि सासूबाईंचं वेगळंच. पूर्वी मला मूल होत नव्हतं, मॅडम. आता मी होऊ देत नाही."

"अमोल काय म्हणतो?"

"एकदा ट्राय करून बघू म्हणतो. पोट माझं, ट्राय त्याचा."

ट्राय म्हणजे काय, ते लिहिते. प्रयोगशाळेत आधी गर्भ तयार करून गोठवायचा. मग आईचं कित्येक तासांचं ऑपरेशन, लेकीचं ऑपरेशन. शरीराने परका अवयव झिडकारू नये म्हणून रोज गोळ्या, ज्यांनी आजारांशी लढायची ताकद कमी होते. सगळं जमलं तर सिझेरियन. एक-दोन मुलं झाली की ते गर्भाशय परत काढून टाकायचं, म्हणजे आणखी एक ऑपरेशन. ज्या बाईला हे हवं आहे ती हे सगळं आनंदाने सोसते. अशा बायका मी पाहिल्या आहेत, त्यांच्यासाठी धावपळही केली आहे. पण हे ऑपरेशन झालं नाही म्हणून कोणी मरत नाही. म्हणून इथे पहिला प्रश्न घेणारीला विचारायला हवा होता. आमच्या बावीस पानांत तो कुठेही नव्हता. ती बावीस पानं मी केली होती.

संध्याकाळी सरांना गाठलं.

"तिने दोन समुपदेशनांत हो म्हटलंय," सर म्हणाले.

"दोन्ही वेळा सासूबाई शेजारी होत्या."

"शैलजा, फोनवर फोन येतायत. नागपूरहून, इंदूरहून. बायका रडतात, आम्हाला कधी घेणार म्हणून. आणि हिला सख्खी आई देतेय, तर नको?"

"मग त्या रडणाऱ्यांपैकी कोणालातरी घ्या."

"इथे कोणी कोणाला ओढून आणलेलं नाही."

"नाही सर. गाडीतून आणलंय. एसी लावून."

सर चिडले. मीही चिडले. आमचा कार्यक्रम नवा होता, पहिल्या काही केसेस नीट पार पडाव्यात अशी सगळ्यांची इच्छा होती, आणि आई-मुलीची जोडी फोटोत छान दिसते. हे मी बोलून दाखवलं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मग मेडिकल कारण देऊ," शेवटी ते म्हणाले.

हे आमच्या धंद्यातलं जुनं औषध. कोणा भावाला किडनी द्यायची नसते, पण घरात तोंड उघडता येत नाही. तो एकांतात आम्हाला सांगतो. आम्ही घरच्यांना एवढंच सांगतो, दाता वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही. भाऊ सुटतो, घर टिकतं. हे खोटं मी अनेकदा बोलले आहे आणि मला कधी लाज वाटलेली नाही.

या वेळी मात्र नको म्हणणारी होती घेणारी. दुसऱ्या दिवशी रश्मीला फोन केला. म्हटलं, कारण तुमच्या नावावर टाकू?

"नको, नको. माझ्यात आणखी एक दोष निघाला तर सासूबाई अमोलसाठी दुसरी बघायला लागतील."

"मग?"

पलीकडे कंपनीच्या बसचा आवाज येत होता. "आईच्या नावावर टाका," ती म्हणाली. "आई सोसेल."

मी हो म्हटलं. मला तेव्हा थांबता आलं असतं. अमोलला बोलवून, समोर बसवून, तुझ्या बायकोला नको आहे हे तू तुझ्या आईला सांग, असं सुनावता आलं असतं. रश्मीने ते करू नका म्हणून सांगितलं होतं, आणि मला फाईल बंद करायची होती.

पुढच्या गुरुवारी तीच खोली, तीच माणसं. मी सांगितलं की तपासण्या पाहिल्या, कुसुमताईंच्या गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या बारीक आहेत, ते बसवता येणार नाही. त्यांना स्वतःला काही धोका नाही.

"घ्या," सासूबाई म्हणाल्या. "विहीणबाई, म्हणजे मूळ तुमच्यातच आहे की."

अमोलने लॅपटॉप बंद केला. त्याला हायसं वाटलेलं दिसत होतं. तोंडातून मात्र "चला, आई, उशीर होतोय" एवढंच निघालं. स्वतःच्या आईला.

कुसुमताईंनी माझ्याकडे पाहिलं. "तिले दिलं नाही, आन माहं बी कामाचं नाही म्हणता," त्या म्हणाल्या. "दोनदा दोष निंघाला, मॅडम."

"दोष नाही हो, ताई."

"मंग काय म्हनाव त्याले?"

मी फाईल मिटली. रश्मी खाली मान घालून बसली होती. तिचा मला राग आला. मग अमोलचा, मग सासूबाईंचा, मग सरांचा. सगळ्यांत शेवटी, सवयीप्रमाणे, स्वतःचा. तो अजून आहे.

फॉर्म मी नवा केला, पहिल्या शब्दापासून. आता पहिलंच पान घेणारीच्या एकटीच्या मुलाखतीचं आहे. नवरा बाहेर, दोन्हीकडच्या आया बाहेर. सरांनी कुरकुर न करता मंजूर केलं, वर म्हणाले, हे आधीच असायला हवं होतं. त्या पानावर बहुतेक जणी हो म्हणतात आणि मनापासून म्हणतात. एकदा एकीने नाही म्हटलं. तिचं कारण आम्ही कोणाच्या नावावर टाकलं नाही. 'हॉस्पिटलच्या निकषांत बसत नाही' असं लिहिलं. सासरच्यांनी आम्हाला शिव्या घातल्या. घालू देत. शिव्या खायला हॉस्पिटल मोठं आहे.

रश्मी आणि अमोलने दत्तक घेण्यासाठी नाव नोंदवलं आहे, असं कानावर आलं.

धडा असेल तर एवढाच: खोटं कारण देण्याआधी ते कोणाच्या अंगावर पडणार आहे ते बघावं, आणि जो सोसेल असं सगळे म्हणतात त्याच्या अंगावर तर मुळीच टाकू नये.

दिवाळीनंतर कुसुमताईंचा फोन आला. आवाजात उत्साह होता. वाघोलीतल्या एका डॉक्टरांकडे त्यांनी परत सोनोग्राफी केली होती. डॉक्टर म्हणाले, सगळं उत्तम आहे. मधल्या काळात त्या रोज बीट खात होत्या, पहाटे चालत होत्या, कोणीतरी सांगितलेला काढाही घेत होत्या.

"नळ्या मोकळ्या झाल्या असतील न आता, मॅडम? नाव लावा परत आमचं. पोरीले सांगितलं नाही मी अजून. एकदम सांगतो."

मी म्हटलं, बघते आणि कळवते.

खरं सांगायचा अधिकार माझा नाही, रश्मीचा आहे. पेशंटने एकांतात सांगितलेलं मी तिच्या परवानगीशिवाय तिच्या आईलाही सांगू शकत नाही. रश्मीला लगेच फोन केला. ती रडली आणि म्हणाली, मी सांगते आईला, या रविवारी जाते. नंतर दोनदा विचारलं. दोन्ही वेळा रविवार पुढे गेला.

कुसुमताईंना उलटा फोन करायचा राहिला आहे.