तीन नंबरच्या लाइनीची डॉक्टरीण

कपड्यांच्या त्या कारखान्यात बायकांनी मशीन चालवायचं, पण उघडायचं नाही, असा नियम होता. का, ते कुणी सांगितलं नाही. मशीन बिघडलं की हात वर करायचा आणि पाच लाइनींत मिळून एकच असलेल्या मेकॅनिकमामांची वाट बघायची. मामा यायचे, पण सवडीने. तोवर एका बाईकडे शर्टाची कॉलर अडली की मागच्या सगळ्या बसून, आणि संध्याकाळी काम कमी भरलं म्हणून बोलणी खायची ती त्यांनीच.

तीन नंबरच्या लाइनीत मात्र कुणाचा हात वर जात नसे. तिथे डॉक्टरीण होती. हे नाव मैत्रिणींनी ठेवलेलं. तिचे वडील शिलाई मशीन दुरुस्त करायचे आणि लहानपणी ती शेजारी दिवा धरून बसायची. पुढे दुकान भावाला मिळालं. हिला बघून बघून जे आलं ते हिच्याकडे राहिलं, कारण ते काढून घ्यायची सोय नव्हती. कुणाचे टाके सुटायला लागले की ही जेवणाच्या पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढायची, आणि दोन मिनिटांत मशीन सुरू. तेवढा वेळ शेजारीण पहारा द्यायची. सुपरवायझर वळला की ती अशी खोकायची की नव्या मुलींना वाटे, बाईंना दमा आहे. अकरा वर्षं हे बिनबोभाट चाललं.

मग मामांची निवृत्ती आली. मेकॅनिकचा पगार शिवणारीच्या जवळजवळ दुप्पट. डॉक्टरिणीच्या मुलीला नर्सिंगला जायचं होतं, आणि हमाली करून नवऱ्याची पाठ कामातून गेलेली.

"अगं, माग की ती जागा," नवरा म्हणाला. "फार तर नाही म्हणतील."

"नाही म्हणतील की घरी बसवतील? येतं म्हणून सांगितलं, तर कुठे शिकलीस विचारतील. नियम मोडून शिकले म्हणू?"

बिघाड लपवता लपवता बिचारीने स्वतःचं कसबही लपवून टाकलं होतं.

दुपारच्या सुट्टीनंतर मामांच्या निरोपासाठी मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना मशीनांपाशीच थांबवलं. "तीन नंबरची लाइन बघा," ते म्हणाले. "अकरा वर्षांत एक तक्रार नाही. याला म्हणतात मामांचा हात!"

डॉक्टरिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नोकरी, नियम, सगळं विसरून ती उठली. "साहेब, तो हात माझा आहे. मामांची जागा मला द्या."

शेजारीण सवयीने खोकली, पण आता उशीर झाला होता.

"तुम्ही मशीन उघडलंत?" साहेबांचा आवाज चढला. "मामा, हे काय?"

मामा हार घालून उभे होते. त्यांनी मान खाली घातली. "खरं आहे, साहेब. मी मशीन उघडलं की तेल पुसायचा कंटाळा करतो. तीन नंबरची मशीनं कायम पुसलेली असायची. तिथे दुसरं कुणीतरी हात घालतंय, हे मला कळलं होतं. माझी मेहनत वाचत होती, म्हणून बोललो नाही. चुकलंच माझं." म्हाताऱ्याने चारचौघांत एवढं कबूल केलं. आयुष्यभराच्या आळसाची त्याने त्या एका मिनिटात भरपाई केली म्हणायची.

साहेबांनी हनुवटी खाजवली. "ठीक आहे. सहा महिने मदतनीस म्हणून करा, आहे त्याच पगारात. जमतंय का बघू."

"अकरा वर्षं आहे त्याच पगारात केलंय, साहेब. आणखी काय बघायचं राहिलं?"

साहेबांनी काम सुरू करायची खूण केली. मशीनं घरघरू लागली आणि थोड्याच वेळात तीन नंबरच्या मधल्या बाईचा धागा आत गुंतला. तिने हात वर केला. मागच्या बायकांची मशीनं एकेक करत थांबली. डॉक्टरिणीचे हात शिवशिवत होते, पण तिने ते मांडीखाली दाबून धरले. तिला रडू येत होतं. आता उठलं तर जन्मभर फुकटच उठावं लागेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

साहेबांनी मामांकडे पाहिलं.

"मी निवृत्त झालो," मामा म्हणाले.

आता चार नंबरच्या बायकाही मान वळवून बघू लागल्या.

"बरं बाई, मेकॅनिकचा पगार. पूर्ण. आजपासून," साहेब म्हणाले. "आता तरी उठा!"

ती उठली, मधल्या मशीनपाशी गेली आणि इकडेतिकडे न बघता तिने ते उघडलं.