दगड झालेला दात

माठाखालची माती भिजली, की तिच्या वासानं मला उजनीचा काठ आठवतो. नव्वदच्या दशकातला उन्हाळा होता, मी दहा वर्षांची. धरणाचं पाणी मागं हटलेलं, म्हणून आम्ही आजोळची सगळी मंडळी ट्रॉलीतून तिथं जेवायला गेलो होतो. काठच्या वाळूत मला कुठल्याशा जनावराचा दात सापडला, पार दगड झालेला, माझ्या तळहाताएवढा.

“हाडूक हाय ते, घरात न्हाय न्यायचं. टाक पाण्यात,” आजोबा म्हणाले.

“न्हाय टाकणार.”

“मग घरला पायी ये.”

मी खरंच चालू लागले. आजोबांपुढं कधी ब्र न काढणारी आई ट्रॉलीतून उतरली आणि माझ्याबरोबर निघाली. तेव्हा वाटलं, मला समजवायला आली. पण वाटेत ती दाताबद्दल अवाक्षर बोलली नाही. आज कळतं, ती तिचं पहिलं ‘न्हाय’ म्हणत होती.