दुसऱ्या कडव्यातला ओरखडा

चहाच्या टपरीवर कुणाच्या तरी मोबाइलवर ते गाणं लागलं आणि दुसरं कडवं येताच माझं बोट आपोआप उचललं गेलं.

माझ्या पहिल्यावहिल्या छोट्या रेकॉर्डवर नेमका तिथेच ओरखडा होता. सुई अडकायची आणि एकच शब्द घोकत बसायची. मग आई पोळ्या लाटता लाटता उठून यायची, पिठाच्या बोटाने सुई हलकेच पुढे सरकवायची आणि म्हणायची, "हं, वाजू दे आता." मधली एक ओळ त्यात कायमची हुकायची.

आज ती ओळ ऐकली. चांगली आहे.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. गाणं आता कुठेच अडकत नाही. तिला उठून यायला काही निमित्तच उरलं नाही.