बडबडीला कंटाळलेला माणूस

ऐंशीच्या दशकात मी स्कॉटलंडमधल्या एका छोट्या हॉस्पिटलात डॉक्टर होतो. एका जानेवारीत हौसेने एकटाच बर्फातला डोंगर चढलो आणि घसरून पाय मुरगाळून बसलो. बोटं बधिर झाली, तेव्हा मी खरोखरच घाबरलो. तेवढ्यात हाफ पँटमधला साठीचा एक माणूस वरून पळत आला. दाढीत बर्फ अडकलेलं. काही न विचारता त्याने माझा हात आपल्या खांद्यावर घेतला.

उतरायला दोन तास लागले आणि दोन्ही तास तो बोलत होता. लंडनची नोकरी त्याने सोडली, कारण तिथे लोक फार बडबडतात. बारा वर्षं तो वर एका खोपट्यात एकटा राहत होता. रोज पळायचा, कारण पळताना कोणाशी बोलावं लागत नाही. वाकून माझ्या बुटाची नाडी आवळतानाही त्याचं तोंड चालूच होतं.

गावातल्या पबपाशी पोचल्यावर मी म्हणालो, "आत चला, काहीतरी गरम घेऊ."

त्याने खिडकीतून आत डोकावून पाहिलं. तिघेचौघे बसले होते.

"नको," तो म्हणाला, "माणसांत मला बोलायला सुचत नाही."

आणि तो पुन्हा डोंगराकडे पळत सुटला. त्याचं नाव विचारायला मला सवडच मिळाली नव्हती.