सड्याचं नाव

तोंडवलीच्या सुभद्रेची जीभ भारी तिखट. मासळीच्या बाजारात तिने तोंड उघडलं की भलेभले टोपली उचलून चालू लागायचे. एवढ्या बोलक्या बाईच्या तोंडात नवऱ्याचं नाव मात्र कधी यायचं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. पुढे सगळा संसार 'आमचे हे' वरच चालला.

घोळ झाला तो अठ्ठावन्न सालच्या थंडीत. स्वतंत्र देशाचे नकाशे नव्याने करायचे म्हणून मोजणीची टोळी गावात आली. सुभद्रेच्या घरामागच्या सड्यावर टोळीच्या साहेबांनी तिपाई रोवली, तिच्यावर पाट, पाटावर कागद. इंग्रजांच्या जुन्या नकाशात त्या कातळाच्या माळावर मोजणीच्या खुणेचा नुसता एक त्रिकोण होता, नाव नव्हतंच.

"या सड्याचं नाव काय?" साहेबांनी विचारलं.

शेजारच्या वाडीचा दत्ताराम टपूनच बसला होता. "दत्तारामाचा सडा," तो छाती काढून म्हणाला.

सुभद्रेचं डोकंच सणकलं. सडा तिच्या आजेसासऱ्यांच्या नावाने ओळखला जायचा, आणि तेच नाव तिच्या नवऱ्याला ठेवलेलं! नवरा नेमका गलबतावर गेलेला. दत्तारामाशी वाकडं नको म्हणून बाकीचे गप्प. साहेब तर संध्याकाळी देवगडला निघणार. आज चुकीचं नाव लागलं की ते कायमचंच लागणार होतं.

"खोटा सांगता तो!" ती कडाडली. "आमच्या ह्यांच्या नावाचो सडो आसा."

"ह्यांच्या म्हणजे कुणाच्या?"

"ता माका घेवचा नाय." तिने खूण म्हणून दोन्ही हात पुढे पसरले. "असा दारोदार मागतत ना, तसलाच कायतरी."

"भिकाऱ्याचा सडा?" साहेबांनी पेन्सिल टेकवली.

दत्ताराम पोट धरून हसला. झालं! सुभद्रेने डोक्यावरून पदर घेतला, घसा खाकरला आणि सगळ्या गावासमोर खणखणीत उखाणा घेतला:

"तिपाईवर पाट, पाटावर कागद कोरा,
भिकाजीरावांचं नाव घेते, साहेब, लिहा भराभरा!"

साहेबांनी हसत हसत 'भिकाजीचा सडा' लिहून घेतलं. दत्तारामाने काढता पाय घेतला.

भिकाजी परतला तो बंदरावरच ही गोष्ट ऐकून. घरी येऊन ओट्यावर बसला, पण चहाला हात लावेना.

"आता काय झाला?" सुभद्रेने विचारलं.

"सगळ्या गावान आयकला गो," तो म्हणाला. "माकाच तेवढा नाय."

सुभद्रा आधी हसली. मग तिने त्याचं तोंड पाहिलं. खरंच हिरमुसला होता बिचारा, आणि तिला एकदम त्याची माया आली. तिने इकडेतिकडे बघितलं. आसपास चिटपाखरू नव्हतं.

"भिकाजी," ती हळूच म्हणाली. उखाणा नाही, राव नाही, काही नाही.

 भिकाजीने चहाचा कप उचलला, पुन्हा ठेवला.

"आणखी एकदा म्हण गो."

"आता नकाशात वाचा," सुभद्रा म्हणाली आणि लाजून आत पळाली.